निरोगी माणसांच्या गोळ्या

नलू धुरी छप्पन्न वर्षांची होती आणि त्यातली बावीस वर्षं तिने लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारण्यात घालवली होती. ताप आला होता का? किती दिवस? घरात माणसं किती, पाणी कशात साठवता? आधी मलेरियाच्या मोहिमेत, मग टीबीच्या पाहणीत, मग लहान मुलांच्या लसींच्या नोंदीत. दर वेळी अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वेळी नवीन ओळखपत्र. गळ्यातल्या फितीचा रंग तेवढा बदलायचा. काळाचौकीपासून लालबागपर्यंत, ज्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना पाठ नाहीत असा जिना आता उरला नव्हता.

नवरा शिवा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी नम्रता लग्न करून बदलापूरला गेली होती. आठवड्यातून दोनदा फोन करायची आणि "आता बस कर गं आई," म्हणायची. बस करावंसं नलूलाही वाटायचं. पण सकाळी अंघोळ झाली की हात आपोआप पिशवीकडे जायचा. दिवसभर घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा जिने परवडले, असं ती मनाशी म्हणायची आणि चपला घालायची.

गेल्या दिवाळीनंतर तिला परळच्या एका खाजगी संशोधन केंद्रात काम मिळालं. काम ऐकून ती जरा गोंधळलीच. आजवर ती आजारी माणसं शोधत फिरली होती. आता निरोगी माणसं शोधायची होती. तीस ते साठ वयाची, धडधाकट, कसलंही औषध चालू नसलेली. अशा लोकांना बारा आठवडे मशरूमच्या अर्काच्या गोळ्या द्यायच्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. सर्दी-खोकला किती वेळा होतो ते लिहून घ्यायचं, आणि सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा रक्त तपासायचं.

"ताई, बाजारात या गोळ्या धडाधड विकल्या जातात," तिथल्या डॉ. श्रेयाने पहिल्या दिवशी समजावलं होतं. श्रेया तिशीची, बोलायला पुणेरी वळणाची, पण वागायला साधी. "चांगल्या तब्येतीच्या माणसाने घेतल्या तर त्याच्या प्रतिकारशक्तीत खरंच काही फरक पडतो का, एवढंच आपल्याला बघायचंय. पडतो असं आपण कुठेही म्हणायचं नाही. आणि निम्म्या लोकांच्या गोळीत मशरूम नसेल, नुसती तांदळाची पिठी असेल. कोणाला काय मिळालंय ते त्यांना माहीत नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही."

"मग तक्रार कोणाची ऐकायची मॅडम?"

"सगळ्यांची. आणि जशीच्या तशी लिहायची."

नलूने मान डोलावली. ऐकायचं आणि लिहायचं, यातच जन्म गेला होता तिचा.

पण लोकांना काय सांगितलं आणि लोकांनी काय ऐकलं यात नेहमीच अंतर पडतं. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'मशरूमच्या अर्काचा रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम होतो का, याचा अभ्यास'. आठवड्याभरात सगळ्या काळाचौकीत 'ताकदीच्या गोळ्या' हे नाव पक्कं झालं. लोक जिन्यात तिला अडवायचे. माझंही नाव घ्या, माझ्या सासूला द्या, आमच्या पोराला सारखी सर्दी होते. नलू सांगून सांगून थकायची की हे औषध नाही, ही तपासणी आहे. लोक "हो हो" म्हणायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

तिच्या वाट्याला बासष्ट घरं आली. त्यातलं एक कमलचं.

कमल परब आणि नलू एकाच वर्षी लग्न होऊन एकाच चाळीत आल्या होत्या. कमल तिसऱ्या मजल्यावर, नलू पहिल्या. दोघी मालवणकडच्या, दोघींचे सासरे एकाच कापडगिरणीत साच्यावर, मागाच्या कामाला. पुढे नलूने खोली बदलली, तीन गल्ल्या पलीकडे गेली, पण येणं-जाणं तसंच राहिलं. कमलचा नवरा दौलत शिवडीच्या एका गोदामात गेटपास लिहायचा. दहा वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. चार वर्षं डायलिसिसवर काढल्यावर यादीत नंबर लागला, आणि कुठल्यातरी अनोळखी घराने आपल्या गेलेल्या माणसाची किडनी दिली, ती दौलतला बसली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून कमलच्या शेजारी बाकावर बसून राहिलेली बाई म्हणजे नलू.

म्हणून नाव घ्यायला ती कमलकडे हक्काने गेली.

"फुकटात तपासणी होतेय गो, नाव दे," ती म्हणाली होती. "स्वतःचं रक्त कधी बघितलंस शेवटचं?"

"माझ्या रक्ताक काय धाड भरलीय?" कमल हसली होती. "मी ठणठणीत."

"ठणठणीतच माणसं पाहिजेत."

मग नलूने यादी वाचली होती, जशी बासष्ट घरांत वाचली तशी, एका सुरात. तुम्हाला मधुमेह आहे का? रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का? कॅन्सर? तुम्हाला एखादा अवयव बसवला आहे का? कमल प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणत गेली आणि नलू खुणा करत गेली. अवयवाच्या प्रश्नाला दोघी क्षणभर थांबल्या, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेल्या दौलतच्या शर्टाकडे कमलने एकदा बघितलं. पण प्रश्न 'तुम्हाला' असा होता. त्याचं उत्तर नाही, हेच खरं होतं. दोघी पुढच्या ओळीवर गेल्या.

दर पंधरा दिवसांनी नलू प्रत्येक घरी जायची. बाटलीत चौसष्ट गोळ्या असायच्या, चौदा दिवसांच्या छप्पन्न आणि आठ जास्तीच्या. ती उरलेल्या गोळ्या छोट्या निळ्या थाळीत ओतून मोजायची. कोणाकडे अकरा उरायच्या, कोणाकडे वीस, कोणी दोनदा घेऊन भरपाई केलेली असायची म्हणून तीन. लोक शपथा घ्यायचे की एकही चुकवली नाही. नलू काही न बोलता आकडा लिहायची. कमलच्या बाटलीत मात्र दर वेळी बरोबर आठ गोळ्या असायच्या. पहिल्या खेपेला आठ, दुसऱ्या खेपेला आठ, तिसऱ्या खेपेला आठ. इतकं चोख कोणाचंच नसतं, हे बावीस वर्षांच्या अनुभवाने नलूला कळायला हवं होतं. पण कमल ती कमलच, कामाला पक्की, असं म्हणून ती पुढच्या दाराकडे वळायची. खरं सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्यात विचार करायचं त्राणच उरलेलं नसायचं.

आठव्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला ती कमलच्या दारात पोचली तेव्हा दौलत घरी होता. त्याने रजा टाकली होती, कारण कमल तापाने फणफणली होती. ती गोधडी घेऊन आतल्या पलंगावर पडली होती.

"या वहिनी," दौलत म्हणाला. "पेशंट आत आहे. मी भात लावलाय."

नलूने खाली बसून वही काढली. ताप कधीपासून, किती, नाक गळतंय का, घसा दुखतोय का. कमल आतून घोगऱ्या आवाजात उत्तरं देत होती. मोसमातली तिची ही दुसरी सर्दी होती. नलू लिहीत होती आणि दौलत समोर उभा राहून खुशीत बघत होता.

"आता बघा ना वहिनी," तो म्हणाला, "तिला दोनदा ताप, मला एकदाही नाही. या थंडीत एक शिंक नाही. आणि हे बघा." त्याने उजवा हात पुढे केला, बोटं पसरून. "बघा, बघा. हलतोय?"

नलूने बघितलं. हात स्थिर होता. दौलतचा हात ऑपरेशननंतर थरथरायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. गोदामात ड्रायव्हर लोक त्याचे गेटपास वाचता येत नाहीत म्हणून टर उडवायचे. एकदा कोणीतरी कोंबडीने लिहिलंय का म्हणालं होतं, तेव्हा तो घरी येऊन जेवला नव्हता.

"नाही हलत," नलू म्हणाली. "बरं वाटलं बघून. काय केलंत भावजी?"

"तुमचंच मशरूम!"

"अहो, गप बसा," कमल आतून म्हणाली.

दौलत गप्प बसला नाही. इतक्या दिवसांचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "ही मला देते ना तिच्या वाटणीच्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. म्हणते मी तर धट्टीकट्टी, मला कशाला ताकद? ज्याला गरज त्याने घ्यावी. दोन महिन्यांत माणूस बदलला वहिनी. तुमच्या मॅडमना सांगा, लिहून घ्या माझं नाव."

नलूचं पेन कागदावर तसंच राहिलं. न ऐकल्यासारखं करून उठावं, अशी एक सरळ साधी इच्छा तिच्या मनात आली. अजून चार घरं बाकी होती. पुढच्या महिन्यात बारा आठवडे पुरे होत होते. कमलचं नाव काढावं लागलं तर आठ आठवड्यांची मेहनत पाण्यात. शिवाय माणूस समोर हसत उभा होता, हात दाखवत होता. काय बिघडलं होतं?

मग तिला पहिल्या दिवशीची यादी आठवली. अवयव बसवलेल्या माणसाला का घ्यायचं नाही, हे तिने तेव्हाच श्रेयाला विचारलं होतं. श्रेया म्हणाली होती, "अशा माणसाची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवतो ताई. ती जागी झाली तर परकी किडनी तिला शत्रू वाटते. ती किडनीवरच धावून जाते."

नलू उठली आणि आत गेली. कमलने तिच्याकडे पाठ केली.

"कमल, कधीपासून देतेस?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर देऊ दिलं असतंस?" कमल उठून बसली. डोळे तापाने लाल झाले होते. "तूच सांग, चांगल्या माणसाला कसली ताकद देता तुम्ही? ज्याला सर्दी झाली तरी धडकी भरते तो माणूस इथे बसलाय, आणि गोळ्या मी खाऊ? गावाला पावसात अळंबी येते, पोरंबाळं खातात, कोणाला काही होत नाही. मी काय विष घातलं का त्यांना?"

"विष नाही गो. पण यांच्यासाठी..." नलूला नेमके शब्द सापडेनात. "यांची ताकद कमीच राहिली पाहिजे. म्हणून तर यांना त्या गोळ्या आहेत."

दारात उभ्या दौलतचं हसू मावळलं. कमल नलूकडे बघत राहिली. तिला समजलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मग ती एकदम चिडली.

"मग हे तेव्हाच सांगायचं ना! नुसता कागद वाचत सुटलीस. तुम्हाला आहे का, तुम्हाला आहे का! आमच्या घरात काय आहे ते तुला माहीत नव्हतं?"

नलूने बाटली पिशवीत टाकली, जिन्याच्या कठड्याशी जाऊन श्रेयाला फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"ताई, दोघांना घेऊन या," श्रेया म्हणाली. "आत्ता. त्यांच्या गोळ्यांची पाकिटंही घेऊन या, जुने रिपोर्टही."

तिघं टॅक्सीने निघाली. कमलने तोंडावर ओढणी घट्ट धरली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

केंद्रात श्रेयाने दौलतचं रक्त घेतलं आणि तपासणीला पाठवलं. कमलच्या बाटलीत काय होतं, हे कळण्यासाठी गुपित कोड उघडावा लागणार होता. त्यासाठी मोठ्या डॉक्टरांची परवानगी लागते. ते बैठकीत होते. पाऊण तास गेला. बाकावर नलू मध्ये बसली होती, एका बाजूला कमल कण्हत होती, दुसऱ्या बाजूला दौलत गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता.

मग श्रेया बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं.

"तांदळाची पिठी," ती म्हणाली. "कमलताई, तुमच्या बाटलीत मशरूम नव्हतंच. काही झालेलं नाही. घाबरू नका."

कमलने कपाळावर हात मारून घेतला. "पिठी? दोन महिने मी यांना पिठी खायला घातली?" आणि ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. दौलतही ओशाळून हसला. श्रेयाने सांगितलं की रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल, उद्या तो आपल्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, आता घरी जा आणि कमलताईंनी आराम करा. दोघं उठली.

नलू उठली नाही. पाय जड झाले होते, हे एक कारण. पण तिला काहीतरी टोचत होतं. ती दौलतच्या हाताकडे बघत होती. त्याने पिशवी उचलली होती, आणि हात अजूनही हलत नव्हता.

पिठीने हात कसा थांबेल?

"भावजी, बसा जरा," ती म्हणाली.

"आता काय?"

श्रेयाने मघाशी त्याला विचारलं होतं, तुमच्या गोळ्या नियमित घेता ना? तो हो म्हणाला होता. सगळे हो म्हणतात. नलूला पूर्वीच कळून चुकलं होतं की 'घेता ना' असं विचारलं की समोरच्याला फक्त 'हो' म्हणायची वाट उरते. टीबीच्या पाहणीत ती वेगळं विचारायला शिकली होती.

"गेल्या आठवड्यात संध्याकाळची किडनीची गोळी किती वेळा राहिली?" तिने विचारलं. अगदी साध्या सुरात, भाजी काय केली होती असं विचारावं तसं.

दौलतने पिशवी खाली ठेवली. कमल त्याच्याकडे बघायला लागली.

"तशी... राहते कधीतरी."

"दोनदा? तीनदा?"

"वहिनी, ती गोळी घेतली की दोन तासांत हात थरथरायला लागतो," दौलत हळूच म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर उभं राहून लिहायचं असतं. लोक हसतात. मशरूमने ताकद आलीच आहे, तर म्हटलं, संध्याकाळची सोडून बघू. सोडली आणि हात थांबला. मला वाटलं, मशरूम आहे म्हणूनच ती सोडूनही निभतंय."

"कधीपासून?"

"महिना झाला. जास्तच."

श्रेयाने पाकिटं हातात घेतली आणि तारखांशी ताडून बघितली. गेल्या महिन्याभरात संपायला हवी असलेली दोन पाकिटं अजून भरलेली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. तिने आत जाऊन प्रयोगशाळेला फोन केला, रिपोर्ट आधी द्या म्हणून. तासाभरात आकडा आला. दौलतचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी काम करायला लागली की रक्तात वाढतं ते, एरवी एक पूर्णांक तीन असायचं. आता दोन पूर्णांक सहा होतं.

त्याच संध्याकाळी तो त्याच्या जुन्या रुग्णालयात दाखल झाला. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीराने तिच्यावर हल्ला चढवायला सुरुवात केली होती. सलायनमधून जबर औषधं चालू झाली. कमल तापातून उठून रोज जात होती. नलू दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा कमल वॉर्डाच्या दाराशी आडवी उभी राहिली.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली. "तुझे कागद पुरे झाले ना?"

नलू परत फिरली. तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

केंद्रात तिला घडल्या प्रकाराचं निवेदन लिहायला सांगितलं. ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून दोन दिवस लिहीत होती. कुठल्या तारखेला काय विचारलं, काय उत्तर मिळालं, बाटलीत किती उरल्या. आठ, आठ, आठ. लिहिताना तो आकडा तिला आता वेगळाच दिसत होता. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून विचारलं, "घरातल्या इतर माणसांबद्दल तुम्ही का विचारलं नाही?"

"फॉर्मवर नव्हतं सर."

"पण तुम्हाला तर माहीत होतं."

"होतं," नलू म्हणाली.

श्रेया शेजारी उभी होती. "सर, फॉर्म मी बनवला होता," ती म्हणाली. "आणि त्यांची गोळी चुकतेय हे मला नाही कळलं, ताईंना कळलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर किडनी गेली असती."

मोठ्या डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. त्यांनी निवेदनावर सही केली. कमलचं नाव यादीतून निघालं.

उरलेल्या एकसष्ट घरी नलू जात राहिली. आता प्रत्येक दारात ती एक जास्तीचा प्रश्न विचारायची, फॉर्मवर नव्हता तरी: घरात दुसरं कोणी या गोळ्या घेतं का? आणि पुढे लगेच: शेवटची कोणी घेतली? सात घरांतून वेगळी उत्तरं आली. एका हितेंद्र नावाच्या इलेक्ट्रिशियनने आपल्या वाटणीच्या गोळ्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलीला दिल्या होत्या. एका बाईने सासूला. एकाने तर बाटली गावी पाठवली होती. सुदैवाने त्यांच्यापैकी कोणाला काही झालं नव्हतं. नलूने ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. श्रेयाने वाचून डोकं धरलं. तुम्ही निरोगी माणसांना काही दिलंत की ती घरातलं आजारी माणूस शोधतात, असं ती म्हणाली.

मार्चमध्ये बारा आठवडे संपले, मेमध्ये आकडेमोड. श्रेयाने सगळ्या फिरतीच्या बायकांना बोलावून निकाल सांगितला. मशरूमवाल्यांना आणि पिठीवाल्यांना सर्दी-खोकला साधारण सारखाच झाला होता. रक्तातल्या एका प्रकारच्या पेशी मशरूमवाल्यांत थोड्या वाढलेल्या दिसत होत्या, पण त्याचा अर्थ काय ते ठरवायला आणखी मोठा अभ्यास लागेल. "म्हणजे काम करतं की नाही मॅडम?" एकीने विचारलं. "आपल्या अभ्यासात निरोगी माणसाला जाणवेल असा फरक दिसला नाही," श्रेया म्हणाली. "एवढंच आपण म्हणू शकतो." इतके जिने, इतक्या बाटल्या, आणि हाती एवढंच. नलूला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला फक्त झोप आली होती.

मग शेवटचं काम उरलं. प्रत्येकाला पत्र द्यायचं, तुमच्या बाटलीत काय होतं ते. कोणी पिठी ऐकून भांडले, कोणी हसले. हितेंद्र म्हणाला, "काय सांगता? पोरगी तर फर्स्ट क्लासमध्ये पास झाली."

कमलचं पत्र पिशवीत नव्हतं. तिला तर आधीच कळलं होतं. तरी एका शनिवारी सकाळी नलू तिसऱ्या मजल्यावर चढली. दौलत घरी आला होता, हे तिला चाळीतल्या लोकांकडून समजलं होतं. किडनी वाचली होती, पण पहिल्यासारखी नव्हती. आकडा एक पूर्णांक नऊवर येऊन अडकला होता आणि डॉक्टरांनी तो तिथेच राहील असं सांगितलं होतं. गोदामवाल्यांनी त्याला गेटवरून आत, माल मोजायच्या कामावर घेतलं होतं. तिथे लिहायला लागत नव्हतं.

कमलने दार उघडलं. कमल फार वाळली होती.

"ते झोपलेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बस."

नलू दाराजवळच बसली. कमलही समोर टेकली.

"एक विचारू?" कमल म्हणाली. "त्या बाटलीत खरंच मशरूम असतं तर?"

"माहीत नाही गो. मॅडमनाही माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित लवकर झालं असतं."

"मला रोज वाटतं, मी दिल्या नसत्या तर त्यांनी आपल्या सोडल्या नसत्या. गोळीत काही नव्हतं, माझ्या बोलण्यात होतं. मीच रोज म्हणायचे, बघा, ताकद आली, बघा, चेहरा उजळला."

तुझी चूक नाही, असं म्हणता आलं असतं, पण कमलला ते पटलं नसतं, आणि नलूलाही पूर्ण पटत नव्हतं. "मी पण आठ मोजत राहिले," एवढंच ती म्हणाली.

कमल उठली आणि कपाटातून कागदांची पिशवी घेऊन आली. रुग्णालयाच्या कागदावर औषधांची नावं आणि वेळा इंग्रजीत खरडलेल्या होत्या. आधी तीन प्रकारच्या गोळ्या होत्या, आता सात झाल्या होत्या. "शेजारच्या पोरीने वाचून दाखवलं," कमल म्हणाली, "पण माझ्या डोक्यात राहत नाही. सकाळच्या संध्याकाळच्या होतात. तू मोठ्या अक्षरात लिहून दे. मराठीत."

नलूने चष्मा लावला. कमलने वाण्याकडून आलेल्या पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा आणून दिला. नलू एकेक नाव वाचत, एकेक पाकीट हातात घेऊन खात्री करत लिहायला लागली. सकाळी आठ, खाण्याआधी. सकाळी नऊ, खाल्ल्यानंतर. मध्येच तिने विचारलं, "संध्याकाळची किती वाजता घेतात खरं तर?"

"साडेआठला. मी समोर उभी राहते. गिळेपर्यंत हलत नाही."

"मग साडेआठच लिहिते."

आतून दौलतच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. बाहेर जिन्यात कोणीतरी भरलेल्या बादल्या घेऊन धापा टाकत वर येत होतं. नलूने उरलेल्या चार पाकिटांपैकी एक उचललं, उजेडात धरलं आणि त्यावरचं बारीक नाव वाचायला लागली.